मकबूलभाईंचं खारं पाणी

मकबूलभाई काचवाले. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान आहे. मी एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आणि प्रयोगशाळेतल्या कपाटांच्या काचा फुटल्या की त्यांच्याकडे जायचो. काच कापताना ते श्वास रोखून धरत. हिऱ्याच्या टोकाची हिरकणी एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा फिरवायची नाही, मग टेबलाच्या कडेवर काच ठेवून हलका झटका. तुकडा सुटेपर्यंत ते बोलत नसत आणि समोरच्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

त्र्याण्णवच्या भूकंपावेळी ते बावीस वर्षांचे होते, वडिलांच्या हाताखाली. तेव्हा दुकानात मुख्य काम फोटोंच्या फ्रेमचं. त्या ऑक्टोबरात औशाकडची, किल्लारीकडची माणसं यायची. कुणाकडे शाळेचा ग्रुप फोटो, त्यात एका डोक्याभोवती पेनानं गोल केलेला. कुणाकडे लग्नातला, त्यात कोपऱ्यात अर्धा चेहरा. शेजारचा स्टुडिओवाला तेवढाच भाग मोठा करून द्यायचा आणि मकबूलभाई तो काचेत बसवायचे. एक मामा आपल्या भाचीला घेऊन आले. मुलीची आई आणि धाकटा भाऊ गेले होते. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. मामांनी तिच्या ओढणीचा वीतभर तुकडा आणला होता. मकबूलभाईंनी तो धुतला नाही, झटकलाही नाही, तसाच काचेखाली ताणून बसवला. दोन वर्षांनी त्या मुलीशीच त्यांचं लग्न झालं. त्या कमरुन्निसाभाभी.

पुढं लातूर शिकवण्यांचं गाव झालं. जिथं तिथं क्लास, मेस, वसतिगृहं. फ्रेमचं काम फ्लेक्सनं खाल्लं, पण काचेचं काम वाढलं. रिसेप्शनची दारं, केबिनची पार्टिशनं, अभ्यासिकेतले कप्पे. सोबत मकबूलभाई माशांच्या टाक्याही बनवायचे. त्यांच्या टाकीचा जोड कधी गळला असं मी ऐकलं नाही.

दोन हजार अकरा साली मन्मथ सर नावाच्या एका क्लासवाल्यांनी त्यांना चार फुटांची टाकी सांगितली. सरांनी हैदराबादच्या एका हॉटेलात समुद्राची टाकी पाहिली होती, खारं पाणी, प्रवाळ, नारंगी मासे. तसंच रिसेप्शनमध्ये हवं होतं. टाकी मकबूलभाईंनी बनवली, आतलं सगळं मुंबईच्या माणसानं येऊन दोन दिवसांत उभं केलं आणि तो निघून गेला. एकविसाव्या दिवशी शेवटचा मासा मेला.

मन्मथ सरांनी मकबूलभाईंना बोलावून घेतलं. "पालक आत पाय ठेवतात आणि समोर मेलेला मासा. उचला हे. टाकी ठेवा तुमच्याकडेच."

मकबूलभाई टाकी घेऊन घरी आले. आतले दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे कॉलेजात आले.

"सर, टाकी गळली न्हाई, मोटर चालू होती, मग मेले कशानं?"

मी त्यांना सांगितलं की नव्या टाकीत माशांची घाण खाणारे जिवाणू नसतात. ते वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे आपल्याच विषात मरतात.

"म्हणजे पाणी मुरावं लागतं."

"हो, तसंच म्हणा."

"मग त्या मुंबईवाल्याला ठाव नव्हतं का?"

"असेल की."

ते जायला उठले. मग म्हणाले, "एका दगडावर काहीतरी जित्तं दिसून राहिलंय. येऊन बघता का?"

मी गेलो. बादलीतल्या खाऱ्या पाण्यात एक दगड, आणि त्याच्या खोबणीत शर्टाच्या बटणाएवढी तीन हिरवी तोंडं, कडेला केशरी झालर. प्रवाळांचाच एक प्रकार. मुंबईच्या माणसाला ती दिसलीसुद्धा नसतील.

कमरुन्निसाभाभी दारात उभ्या होत्या. त्या घरी शिवणकाम करायच्या. त्या म्हणाल्या, "मी सांगून ठेवते, मरायची वस्तू घरात न्हाई पायजे मला."

"अजून मेली कुठं?" मकबूलभाई म्हणाले.

टाकी पुढच्या खोलीत उभी राहिली. त्यांची मुलगी लुबना तेव्हा अकरावीत होती. ती मोबाइलवर इंग्रजी वाचून वडिलांना सांगायची आणि ते एका जुन्या वहीत उर्दूत लिहून घ्यायचे. टाकीचं खास मीठ हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं यायचं. पाणी साधं चालत नाही, आरओचं लागतं, म्हणून त्यांनी भिंतीवर फिल्टर बसवला. त्यातून वाया जाणारं पाणी भाभी धुण्याला वापरायच्या. दोन महिने टाकीत माशाविना नुसते दगड. येणारे-जाणारे हसायचे. "मकबूलभाई, दगड पाळलेत का?"

सोपं काहीच नव्हतं. लातूरचा उन्हाळा बेचाळीसवर जातो आणि टाकीतलं पाणी सत्तावीसच्या वर गेलेलं चालत नाही. त्यांनी पाण्यावर छोटे पंखे लावले. पंख्यानं पाणी थंड होतं, पण उडून जातं, रोज पाच-सहा लिटर. मीठ उडत नाही, म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं. लाइट गेली की मोटर बंद, त्यासाठी बॅटरी. पहिल्या वर्षी एकदा ते लग्नाला उदगीरला गेले आणि बॅटरी संपली, सगळे मासे गेले. दुसऱ्या वर्षी शेवाळानं दगड झाकले, ते त्यांनी दात घासायच्या ब्रशनं दोन महिने घासले. प्रत्येक वेळी त्या हिरव्या तोंडांतली काही मिटायची, काही पुन्हा उघडायची. भाभी त्यांना गुंड्या म्हणायच्या. "आज गुंड्या उघडल्याच न्हाईत," असं त्या दुकानात फोन करून सांगायच्या. मरायची वस्तू नको म्हणणाऱ्या भाभी सकाळी उठल्यावर आधी टाकीशी जाऊन उभ्या राहायच्या.

चौदा साली तिनाच्या दीडशे गुंड्या झाल्या होत्या. नारंगी क्लाऊन माशांची जोडी होती, एक लाल झिंगा होता, काचेवर गोगलगायी. नांदेडहून बापूसाहेब म्हणून एक निवृत्त इंजिनिअर खास पाहायला आले. त्यांच्याकडेही छोटी टाकी होती. मकबूलभाईंनी छिन्नीनं दगडाचा तुकडा काढून दहा-बारा गुंड्या त्यांना दिल्या.

मग सोळा सालचा उन्हाळा आला.

मांजरा धरण कोरडं पडलं. नळ महिन्यातून एकदा, मग तोही बंद. टँकरजवळ हाणामाऱ्या व्हायला लागल्या तेव्हा पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. क्लासवाल्यांनी पोरांना घरी पाठवलं, वसतिगृहांना कुलपं लागली. मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लागलं, पण ते बोळापर्यंत पोचायला दिवस लागायचे. मकबूलभाईंच्या गल्लीत आठवड्याला घरटी दोनशे लिटर मिळायचं. त्यांच्या टाकीत अडीचशे लिटर नुसतं उभं होतं, ज्याला कुणी तोंड लावू शकत नव्हतं.

शेजारची बाई भाभींना म्हणाली, "तुमच्या माशांना हाय, आमच्या लेकरांना न्हाई."

मकबूलभाईंनी त्या दिवसापासून फिल्टर बंद केला. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर जायचं, ते त्यांना बघवेना. पंखेही बंद केले, म्हणजे पाणी उडणार नाही. टाकीवर काच झाकली. चार दिवसांत पाणी एकतीसवर गेलं आणि गुंड्या पांढुरक्या पडायला लागल्या. पंखे लावावेत तर पाणी नाही, न लावावेत तर उष्णता. ते दुकानात बसून मला हे सांगत होते आणि समोर दोन दिवस एकही गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हा मी म्हणालो, "आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर काढायचं भांडं आहे. कॉलेजच्या बोअरला अजून थोडं पाणी आहे. मी आणतो."

"सर, राहू द्या."

"आणतो म्हटलं ना."

मी दिवसाआड स्कूटरवर दहा लिटरचा कॅन नेऊ लागलो आणि पंखे पुन्हा सुरू झाले. मकबूलभाईंनी पहिल्याच दिवशी पाण्यात क्षार मोजायचं मीटर बुडवलं, त्यानं शून्य दाखवलं. इतकं शुद्ध पाणी त्यांच्या फिल्टरमधूनही कधी आलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. भाभींनी मला चहा दिला. त्या दिवसांत कुणाकडे चहा पिणं म्हणजे त्यांचं पाणी पिणं, म्हणून मी नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडू लागल्या. मकबूलभाईंना वाटलं उष्णतेनं. मग लाल झिंगा एका सकाळी आडवा दिसला. गुंड्या मिटल्या त्या मिटल्याच. मी जाऊन पाहिलं, वास घेतला, पुस्तकं चाळली आणि म्हणालो, "पाणी खराब झालंय. थोडं बदलायला हवं. मी जास्त आणतो."

आणि मी जास्त आणलं. एका आठवड्यात साठ लिटर.

मे महिन्याच्या शेवटी गुंड्या वितळायला लागल्या. आधी कडा, मग मधलं तोंड, मग दगडावर नुसता करडा चिकटपणा. मासे मात्र ठणठणीत होते. मकबूलभाई टाकीसमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी वळून न बघता विचारलं, "सर, ते भांडं कशाचं हाय?"

"कुठलं?"

"ज्याच्यात पाणी उकळतं ते."

मी तसाच कॉलेजात गेलो. भांडं माझ्याआधीच्या काळातलं, भिंतीवर टांगलेलं. मी झाकण काढलं. आतून तांबं आणि त्यावर कल्हई. कल्हई तळाशी आणि नळीच्या तोंडाशी पार उडाली होती, तांबं लालसर उघडं पडलं होतं आणि जोडाशी हिरवा थर होता. तांब्याचा अंश माशांना चालतो. गोगलगाय, झिंगा, प्रवाळ यांना तो मारतो. हे मी बारावीच्या पोरांना दरवर्षी एका वाक्यात शिकवत होतो. एवढ्याशा तांब्यानं मीटर हलत नाही.

मी दुकानात गेलो. ते आरसा कापत होते. मी थांबलो. तुकडा सुटल्यावर सांगितलं.

त्यांनी आरशाची कड अंगठ्यानं तपासली. "मीटर तर शून्य दाखवत होतं," एवढंच ते म्हणाले.

"दगडातही ते मुरलंय आता," मी म्हणालो. "त्या दगडांवर परत काही जगणार नाही."

"बरं."

संध्याकाळी मला राहवलं नाही म्हणून मी घरी गेलो. दार भाभींनी उघडलं. मला आत या म्हणाल्या नाहीत.

"सर, तुम्ही हेच शिकवता ना?"

"हो."

"मग पोरान्ला काय शिकवता?"

मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. आतून मकबूलभाई म्हणाले, "कमर, जाऊ दे." भाभींनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नीट लावलं.

दोन-अडीच महिने मी त्या बोळात गेलो नाही. ऑगस्टात एका रविवारी मकबूलभाईंचाच फोन आला.

"सर, नांदेडला चलता का? बापूसाहेबांकडं आपल्या गुंड्या हायेत. त्यांना फोन लावला होता, ते म्हणाले या."

मी निघालो. बसमध्ये ते खिडकीशी बसले, मांडीवर प्लास्टिकचा डबा, त्यात खारं पाणी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं.

बापूसाहेबांच्या घरचं दार त्यांच्या सुनेनं उघडलं. तिचं नाव विशाखा, ती शाळेत शिकवायची. ती काहीतरी सांगणार तोच आतून बापूसाहेबांचा आवाज आला. "आले का लातूरचे?" ते काठी टेकत बाहेर आले आणि हात पुढं केला, तो मकबूलभाईंच्या खांद्याच्या बाजूला गेला. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती, दीड वर्ष झालं होतं.

"या, या. तुमची पोरं बघा कशी आहेत."

टाकी बैठकीच्या खोलीत होती. मोटर चालू, दिवा चालू, पाणी फिरत होतं. दगड तपकिरी शेवाळानं झाकलेले. तळाशी रिकामे शंख. आत जिवंत असं काहीही नव्हतं, आणि बऱ्याच महिन्यांपासून नसावं. विशाखा दारात उभी होती. तिनं आमच्याकडे पाहून सांगू नका अशी मान हलवली आणि हात जोडले.

बापूसाहेब टाकीच्या काचेवर तळहात ठेवून उभे होते. "मला मोटरचा आवाज पुरतो. रोज पाणी मी घालतो, विशाखा मोजून देते. भरली आहे ना चांगली?"

मी मकबूलभाईंकडे पाहिलं. ते काचेजवळ वाकले होते.

"हाव साहेब," ते म्हणाले. "लई भरलीय."

"हिरवीच आहे ना? कडेला केशरी?"

"हिरवी. कडेला केशरी."

"डाव्या दगडावर पण गेली असेल."

"गेली. डाव्या दगडावर जास्तच दाट हाय."

"फोनवर तुम्ही म्हणालात, तुमच्याकडची या उन्हाळ्यात गेली. वाईट वाटलं. घ्या ना, पाहिजे तेवढी काढून घ्या. तुमचीच आहे."

मकबूलभाईंनी पिशवीतून छिन्नी काढली, बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातला आणि एका मेलेल्या दगडाचा तुकडा काढला. त्यांनी तो सावकाश काढला. हात हलका ठेवून, जिवंत दगडाचा काढतात तसा. डब्यात ठेवला, झाकण लावलं. बापूसाहेब कान देऊन ऐकत होते.

"सांभाळून न्या," ते म्हणाले.

विशाखा आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. "गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेलं सगळं. आम्ही बाबांना घेऊन आठ दिवस हैदराबादला डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. तिथं डॉक्टरांनी सांगितलं, आता नजर येणार नाही. घरी आलो तर हे. त्या दिवशी हे पण कसं सांगायचं? मग राहूनच गेलं. रोज विचारतात." ती थांबली. "मी चूक करून राहिले का, भाई?"

"मला न्हाई माहीत, ताई," मकबूलभाई म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का? भांड्याचं?"

"नसतं कळलं. तुम्ही उष्णतेनंच गेलं समजला असता."

"मग का सांगितलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून, असं म्हणणार होतो, पण ते खरं होतं की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा ते डबा घेऊन उतरले आणि रिकामा डबा घेऊन परत आले.

त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्याला बापूसाहेबांचा फोन यायचा. मी दुकानात असताना दोनदा आला. मकबूलभाई हातातली काच खाली ठेवायचे, बाहेर बोळात जायचे. "हाव साहेब, धरलं की दगडाला... आठ झाल्या आता... न्हाई, उन्हाळ्यात आता पंखे हायेत, पानी बी हाय." आत येऊन ते पुन्हा काच उचलायचे. एकदा मात्र म्हणाले, "मागच्या वेळी आठ सांगितल्या होत्या का नऊ? लिहून ठेवाया पायजे."

अठरा साली फोन आला तो विशाखाचा. बापूसाहेब झोपेतच गेले होते. तेराव्यानंतर तिनं विचारलं, टाकी कशी बंद करायची. मकबूलभाई म्हणाले, तुम्ही हात लावू नका, मी येतो. आम्ही दोघं गेलो. मोटर त्यांनीच बंद केली. पाणी बादल्यांनी काढलं, दगड पोत्यात भरले. दगडांखाली वाळूत बापूसाहेबांनी कधीतरी पाडलेली त्यांची अंगठी सापडली, ती विशाखाला दिली. टाकी तिनं घेऊन जा म्हणून आग्रह केला. मकबूलभाईंनी ती आणली नाही.

त्यांच्या घरच्या टाकीत तोवर एकच क्लाऊन मासा उरला होता. प्रवाळ त्यांनी परत आणलं नाही, कुणी देऊ केलं तरी. त्या एका माशासाठी ते दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर पाणी बदलत. मी कधी कधी जायचो, बादली धरायचो. माझ्या हातचं पाणी त्यांनी टाकीत घातलं नाही आणि मी कधी नेलंही नाही.

एकोणीस सालच्या मार्चात तो मासा मेला. मकबूलभाई तेव्हा एका क्लासच्या अभ्यासिकेत काचेचे कप्पे बसवत होते, मी तिथंच लेक्चरला गेलो होतो. भाभींचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, फोन खिशात ठेवला. चार काचा राहिल्या होत्या, त्या बसवल्या. मग मला म्हणाले, "सर, जरा घरी येता का? अडीचशे लिटर पानी हाय. मोरीत सोडलं तर तुमच्या भाभीचा कढीपत्ता जळंल. कॅनमध्ये भरून नाल्यापत्तर न्यावं लागंल."

आम्ही संध्याकाळपर्यंत कॅन वाहिले. भाभी दाराच्या आत उभ्या राहून कॅन पुढे करत होत्या. शेवटचा कॅन माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "जड हाय, सर. खालून धरा." गेल्या तीन वर्षांत त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आजही त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. टाकीच्या जागी आता त्यांची शिलाई मशीन आहे. मकबूलभाईंनी टाकीचे जोड ब्लेडनं मोकळे केले आणि पाचही काचा दुकानात नेल्या. त्यातल्या चार कुठल्या तरी क्लासच्या दारांत गेल्या. पाचवीवर खाऱ्या पाण्यानं धुरकट डाग पडला होता, ती कुणी घेतली नाही.